पांढऱ्या फितीच्या शेळ्या

हट्टा गावात कुणाकडं लग्न असो, बारसं असो की तेराव्याचं जेवण, आचारी कोणता बोलवायचा यावर घरोघर वाद होत. वाढायला कोण, यावर कधी झाला नाही. वाढायला गोजरबाई. साठी उलटलेली, अंगानं आडवी, आवाजानं उभी. पदर कमरेला खोचून तिनं बुंदीची बादली उचलली की मांडवातली माणसं सावरून बसत. तिच्या हातून आजवर एक पान सुटलं नव्हतं. नको म्हणणाऱ्याचं ती ऐकायचीच नाही. पाहुण्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले तर "नगं काहून? माज्या हाताला काटे हायत का?" असं विचारून ती त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडायची. साखरेचा आजार असलेल्यांनी तिच्या पंगतीला बसणं केव्हाच सोडलं होतं.

याला कारण होतं, आणि ते ती स्वतःच सांगायची, तेही वाढता वाढता. लहानपणी कुण्या मोठ्या घरच्या लग्नात ती पंगतीच्या पार टोकाला बसली होती. वाढपी शेजारच्या पानापर्यंत आला, बादली तिरकी करून पाहिली आणि परत फिरला. ही आपली पान पुढं ओढून बसलेली. उष्टी काढायला बायका आल्या तरी बसलेलीच. "बुंदीचं काई न्हाई वं," ती म्हणायची, "पन त्या मान्सानं माज्याकडं पायलंबी न्हाई."

पोरींची लग्नं झाली, धाकटी पुनम हिंगोलीला नांदायला गेली, आणि घरात उरले गोजरबाई, तिचा नवरा संतराम आणि शेळ्या. संतराम इतकं कमी बोलायचा की तो घरात असला तरी शेजारी विचारत, "दाजी गावाला गेले का?" त्याच्या वाटणीचं बोलणं गोजरबाई बोलायची, आणि ते संपलं की शेळ्यांशी बोलायची. दीड डझन शेळ्या, बहुतेक काळ्याभोर, आणि प्रत्येकीला नाव. ठमी लाडकी, ती चुलीपर्यंत यायची. बत्ताशी खादाड. कलेक्टरीण नावाची एक उंच शेळी होती, ती कुणाकडं न बघता चालायची आणि दुसरीच्या पुढ्यातलं खायची. गोजरबाईचं तिच्याशी पटायचं नाही, पण भरडा तिलाही बाकीच्यांइतकाच मिळायचा.

श्रावणात एक दिवस परभणीच्या एस.टी.तून गोजरबाईच्या बहिणीची नात उतरली. प्रतिक्षा. जनावरांची डॉक्टरीण झालेली, आता पुढचं शिकत होती. खांद्याला पेटी, हातात डब्यांची पिशवी. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आजी, मला तुमच्या शेळ्या पाहिजेत."

"विकायच्या न्हाईत," गोजरबाई म्हणाली.

"विकत नको. त्यांच्या पोटातले जंत तपासायचेत."

गोजरबाईनं कप खाली ठेवला. "माज्या शेळ्यांला जंत? तुज्या कालिजातल्या शेळ्यांला असतीन. माज्या शेळ्या घरच्या हायत."

प्रतिक्षानं वाद घातला नाही. तिनं कलेक्टरणीच्या ताज्या लेंड्या डबीत घेतल्या, मिठाच्या पाण्यात कालवल्या, गाळल्या, आणि पेटीतून काढलेल्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली एक काच सरकवली. गोजरबाईनं डोळा लावला. आधी तिला स्वतःचीच पापणी दिसली आणि "बाई बाई, केवढा किडा!" म्हणून ती मागं सरली. दुसऱ्यांदा नीट दिसलं. पांढुरकी, लांबट, तांदळाच्या कणीसारखी अंडी, एकाला लागून एक.

"कुनाचं म्हनली हे?"

"कलेक्टरणीचं."

"मंग व्हय," गोजरबाई समाधानानं म्हणाली. "तिचंच असंन."

मग प्रतिक्षानं ठमीचं काढलं. ठमीच्या काचेवर दाटी त्याहून जास्त होती. गोजरबाई बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. प्रतिक्षानं ठमीची खालची पापणी बोटानं ओढून दाखवली. आत गुलाबी दिसायला हवं तिथं धुतलेल्या फडक्यासारखं फिकट होतं. "पोटातले जंत रक्त पितात, आजी. पावसाळ्यात ओलं गवत खाल्लं की ते पोटात जातात. हिला तकलीफ असंल, पण ही सांगणार कशी?"

गोजरबाईनं त्याच क्षणी शेळ्या देऊन टाकल्या. "काय पाजायचं ते पाज. आत्ता पाज."

पण तिथंच तर खरी गोम होती.

प्रतिक्षाला बघायचं होतं ते मधमाश्यांच्या राळेचं. मधमाश्या झाडांचा चीक गोळा करून आणतात आणि पोळ्याच्या फटी बुजवायला त्याचा काळपट डिंक करतात. पेटी उघडली की हाताला चिकटतो तो. त्यात किडामुंगी आणि रोग दूर ठेवायचा काही गुण आहे असं म्हणतात. काचेच्या नळीत त्यानं जंत मेलेले लोकांनी पाहिलेत, पण शेळीच्या पोटात तो काय करतो हे नीट कुणी बघितलेलं नाही. दवाखान्यातली औषधं पाजून पाजून जंत आता त्यांना जुमानेनासे झालेत, म्हणून दुसरं काही सापडतं का याचा हा शोध. संतरामचा पुतण्या भागवत, त्याच्या बांधावर मधमाश्यांच्या पेट्या होत्या. राळ त्याच्याकडूनच गेली होती, कॉलेजात तिचा अर्क झाला होता आणि तो आता बाटलीत बसून परत आला होता.

गोजरबाईनं बाटलीचा वास घेतला. "ह्याला दारूचा वास येऊन राहिला."

"स्पिरिटमधी काढतात. ते उडवलंय नंतर."

"माजी ठमी झिंगली तर पाय तू."

मग प्रतिक्षानं तीन रंगांच्या फिती काढल्या. लाल फितीच्या शेळ्यांना दवाखान्यातलं औषध. पिवळ्या फितीच्यांना राळेचा अर्क. पांढऱ्या फितीच्यांना साधं पाणी.

"पानी?" गोजरबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आन औषद?"

"औषध नाही. त्यांना तसंच ठेवायचं."

"काहून? त्यांनी काय केलं?"

प्रतिक्षानं समजावून सांगितलं. समजा ताप आला, काढा घेतला, उतरला. पण न घेताही उतरला असता तर? मग काढ्यानं उतरला असं कसं म्हणायचं?

"घिऊन उतरला तं बिगडलं काय?" गोजरबाईनं विचारलं.

प्रतिक्षानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणाची तब्येत फारच ढासळली तर तिला लगेच औषध देणार, आणि सगळं झाल्यावर पांढऱ्यांना तर देणारच, हेही सांगितलं. गोजरबाई मान हलवत राहिली आणि शेवटी "कळलं" म्हणाली. गोजरबाईचं "कळलं" म्हणजे काय हे संतरामला ठाऊक होतं. तो दावणीपाशी खोकला, पण बोलला नाही.

कुणाला कोणती फीत हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. ठमीला पांढरी आली. कलेक्टरणीला लाल.

"चिठ्ठी बदलून घे ना," गोजरबाई म्हणाली.

"असं चालत नाही, आजी."

"मी कुनाला सांगत न्हाई."

प्रतिक्षानं फीत बांधली, पाजायचं ते पाजलं आणि पुन्हा येण्याचा वार सांगून परभणीला गेली. जाताना तिनं बजावलं, "रोजचंच खायला द्या. जादा काही नको."

दोन दिवस गोजरबाईनं तसंच केलं. खरंच केलं. पण ठमी सकाळी चुलीपाशी येऊन उभी राही, गळ्यात ती पांढरी फीत. दीड डझन जीव एका दावणीला बांधलेले. एकीला औषध, दुसरीला मधमाशीची राळ आणि तिसरीला पाणी. हा पंक्तिप्रपंच तिच्या दारात चालला होता, आणि वाढणारी कोण, तर ती स्वतः. तिसऱ्या दिवशी दुपारी ती डोक्यावर पदर घेऊन भागवतच्या शेतात गेली.

"भागवत, ती राळ उरली का थोडी?"

"उरली की. काहून काकू?"

"पायाला भेगा पडल्यात."

भागवतनं पेट्यांच्या चौकटी खरवडून मूठभर राळ दिली आणि वर वाटीभर मध. भेगांना एवढं काय लागतं असं त्याच्या मनात आलं, पण काकूच्या पायांचा आवाका बघून तो गप्प बसला.

घरी येऊन गोजरबाईनं राळ चुलीच्या उबेला मऊ केली, मध आणि गूळ घालून परातीत भरड्याबरोबर मळली आणि लाडू वळले. मळता मळता तिला आठवलं की तिची माय लेकरांच्या जंतांवर पळसपापडी द्यायची. पळसाच्या शेंगेतल्या त्या चपट्या बिया तिच्याकडं डब्यात होत्या. त्याही कुटून घातल्या. आता घालायचंच तर नीट घालू, असा हिशेब. पांढऱ्या फितीच्या सहा जणींना एकेक लाडू दिला. त्यांनी तो असा खाल्ला की फितीही चाटल्या.

मग तिचं लक्ष पिवळ्यांकडं गेलं. त्या माना लांब करून बघत होत्या. राळ त्यांना मिळालेली होती हे खरं, पण ती बिनगोडाची. त्यांनाही एकेक दिला. उरल्या लाल. लाल फितीच्यांनी तर बिचाऱ्यांनी कडू औषध पचवलेलं. त्यांना वगळायचं कुठल्या तोंडानं? कलेक्टरणीनं आपला खाऊन बत्ताशीचाही खाल्ला, म्हणून बत्ताशीला पुन्हा दिला.

हे असं रोज चाललं. वर पांढऱ्यांसाठी म्हणून ती सुबाभळीचा कोवळा पाला घरीच आणून घालू लागली, कालव्याकडच्या ओल्या गवतात त्यांना पाठवीना. आठवडाभरात शेळ्यांची अशी अवस्था झाली की गोजरबाई दारात दिसली की सगळा गोठा एका सुरात ओरडायचा. एकदा ती देवळात निघाली तर दोघी तिच्या मागोमाग थेट पारापर्यंत गेल्या, पदराचा वास घेत. "काय वं गोजरे, शेळ्यांला नादी लावलं काय?" बायका हसल्या.

"जीव हाय त्यांचा माज्यावर," गोजरबाई म्हणाली. खोटंही नव्हतं.

प्रतिक्षा आली, डब्या भरून घेऊन गेली. पुन्हा आली, पुन्हा घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला ती उतरली ती चेहरा पाडून. ओसरीवर बसली, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि प्यायलाच विसरली. तेवढ्यात तिच्या सरांचा फोन आला. गोजरबाई आत भाकरी थापत होती. तिला इकडचीच बाजू ऐकू येत होती. "नाही सर... चिठ्ठ्या मीच लावल्या सर... नाही सर, बदलल्या नाहीत... पांढऱ्यांत पण कमी झालेत सर, मला पण कळत नाहीये... हो सर. माझंच काहीतरी चुकलं असंल सर."

फोन ठेवून प्रतिक्षानं डोळ्याला ओढणी लावली.

गोजरबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं वं?"

"काही नाही आजी. लाल बऱ्या झाल्या, पिवळ्या बऱ्या झाल्या, आणि ज्यांना मी फक्त पाणी पाजलं त्यापण बऱ्या झाल्या. सर म्हणतात, एक तर डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी उलटसुलट लावल्या, नाहीतर बाटल्या बदलल्या. मी तर तीनदा बघून लावत होते." तिचा आवाज फाटला. "मला जमतच नाही हे. मी लिहून देणार, माझी चूक झाली म्हणून."

"सगळ्या बऱ्या झाल्या, हे वाईट झालं व्हय?" गोजरबाईनं विचारून पाहिलं.

प्रतिक्षा रडत होती, आणि लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता.

गोजरबाई आत गेली. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. चुलीशेजारी संतराम जेवायला बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "सांगून टाक."

"काय सांगू?"

"जे भरड्यात कालवतीस ते."

गोजरबाई उलथनं धरून उभीच राहिली. "तुमाला कसं कळलं?"

"माजी भाकर परातीला चिकटून राहिली लई दिस झाले," संतराम म्हणाला. एवढं बोलून त्याचा महिन्याचा कोटा संपला असावा, कारण नंतर तो फक्त आमटी वाटीत ओतून घेऊ लागला.

गोजरबाईनं हात धुतले. तिनं आयुष्यात कुणाचं पान चुकवलं नव्हतं, आणि आता तिच्याच ओसरीवर एक लेकरू तिच्यामुळं उपाशी बसलं होतं. उपाशी नव्हे, पण तसंच. ती बाहेर येऊन प्रतिक्षाच्या शेजारी बसली आणि सुरुवात शेळ्यांपासून केली.

"ती ठमी हाय ना, ती लई बघायची माज्याकडं."

"हं," प्रतिक्षा म्हणाली.

"मुकं जनावर. बघितलं की काळजात व्हतं. म्हनून मी तिला एक लाडू दिला."

ओढणी डोळ्यावरून खाली आली. "कसला लाडू?"

"भरड्याचा. भरडा, गूळ, थोडा मध." गोजरबाईनं उंबऱ्याकडं बघितलं. "आन ती राळ. भागवतकडची."

"आजी!"

"आन पळसपापडी. तेवडीच."

प्रतिक्षा उठून उभी राहिली. "कुणाकुणाला दिला? पांढऱ्यांना?"

"सगळ्यांला."

"सगळ्यांना?"

"मंग? पाच-सा जनींला देऊन बाकीच्यांला काय त्वांडाकडं बघत ठिवू?" आणि एवढं निघालंच होतं म्हणून तिनं सुबाभळीच्या पाल्याचंही सांगून टाकलं.

प्रतिक्षा ओसरीवर येरझाऱ्या घालू लागली. राळ, पळसपापडी, पाला, आणि वर ओलं गवत बंद. आता पांढऱ्या शेळ्या कशानं बऱ्या झाल्या हे प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी सांगता येणार नव्हतं. ती रागावली होती, चांगलीच रागावली होती, आणि रागाच्या भरात म्हणाली, "मला वाटलं मीच मूर्ख आहे. आठ दिवस झाले, मला झोप नाही, आजी. आणि तुम्ही इथं लाडू वळत होतात!"

गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही. हे इतकं नवीन होतं की संतराम जेवण अर्धं टाकून दारात येऊन उभा राहिला.

"तुज्या सरांला फोन लाव," शेवटी ती म्हणाली. "माज्याशी बोलू दे."

प्रतिक्षा नको नको म्हणत असताना फोन लागला. सर काय म्हणाले कुणाला ऐकू आलं नाही, कारण गोजरबाईनं त्यांना बोलायला जागाच ठेवली नाही. "साहेब, पोरीची काई चुकी न्हाई. चिठ्ठ्या बराबर व्हत्या. लाडू म्या दिले. तुमी म्हनान तं पुन्यांदा करू. शेळ्या हायत, पाऊसबी हाय, जंत यायला काय उशीर?" मग थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "व्हय. व्हय. मी हात लावनार न्हाई." पुन्हा ऐकलं. "आवं साहेब, शपथ कशाला?" आणि फोन प्रतिक्षाच्या हातात देत म्हणाली, "तुजा सर लई संशयी हाय."

सर संशयी होतेच, पण प्रतिक्षा त्यांच्याहून. पाच-सहा आठवडे सगळ्या शेळ्यांना पुन्हा कालव्याच्या कडेला चरू दिलं, दुर्बिणीखाली अंडी पहिल्यासारखी दिसायला लागली, आणि फिती बांधायची वेळ आली तेव्हा तिनं एकच अट घातली. प्रयोग संपेपर्यंत गोजरबाईनं गावात राहायचं नाही.

"माज्याच घरातून मला हाकलून राहिली?"

"पुनममावशीकडं जाऊन या. किती दिवस बोलवतीय ती."

पुनम खरंच बोलवत होती, पण आई खरंच येईल अशी तिची अपेक्षा नव्हती. हिंगोलीत तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. गोजरबाईनं पहिल्या दिवशी सगळी भांडी पुन्हा घासली, दुसऱ्या दिवशी शेजारणींची ओळख काढली, आणि तिसऱ्या दिवशी तिला कळलं की इथं खायला घालायला फक्त जावई आहे. जावई ऑफिसातून आला की समोर ताट. उठायला लागला की अजून एक पोळी. आठवड्यानं त्याची पँट कमरेला होईना. तो पुनमला हळूच म्हणाला, "आईंचा तो प्रयोग कधी संपणार आहे?"

रोज संध्याकाळी ती गावाकडं व्हिडिओ कॉल लावायची. संतराम फोन कानालाच धरायचा, त्यामुळं तिला पडद्यावर त्याचा कान आणि त्यातले केस तेवढे दिसायचे. "अवो, फोन पुढं धरा! ठमी दाखवा!" कान हलायचा. मग कधी आढं दिसायचं, कधी चप्पल. ठमीला या खेपेला पिवळी फीत आली होती एवढं कळलं होतं. पांढरी कुणाला, तर कलेक्टरणीला. हे कळल्यावर गोजरबाईला आधी बरं वाटलं, आणि मग दिवसभर काही सुचेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वाट न बघता सकाळीच तिनं फोन केला. "कलेक्टरीण खाऊन राहिली का नीट?"

"व्हय," कान म्हणाला.

"तिला पानी तरी वेळेवर पाजा."

"तेच तं पाजायचं हाय," कान म्हणाला, आणि गोजरबाईला पुढं काय बोलावं ते सुचलं नाही. बोलणं तिचं खुंटलं असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असं संतराम पुढं सांगायचा, म्हणजे कुणी फारच खोदून विचारलं तर.

दिवाळीच्या तोंडावर प्रतिक्षाचा निरोप आला, आणि गोजरबाई मिळेल त्या एस.टी.नं हट्ट्याला परतली. पिशवी ओसरीवर टाकून आधी गोठ्यात गेली. कलेक्टरीण मलूल होती. नेहमीची ऐट नव्हती, हनुवटीखाली थोडी सूज दिसत होती. गोजरबाईनं काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि कलेक्टरणीनंही पहिल्यांदाच तो राहू दिला.

"आज मी हिला औषध देणारच आहे," मागून प्रतिक्षा म्हणाली. "सगळ्या पांढऱ्यांना. संपलं आता."

"आदी दे. मंग सांग काय झालं ते."

प्रतिक्षानं पाजलं. गोजरबाईनं जबडा धरला. मग दोघी गोठ्यातच बसल्या.

"लाल फितीच्या जवळजवळ साफ झाल्या," प्रतिक्षा म्हणाली. "पांढऱ्या होत्या तशाच, थोड्या वाईटच."

"आन राळ?"

"राळेनं कमी झाले. पण थोडे. ठमीचे बरेच झाले, बत्ताशीचे फार नाही. औषधासारखं नाही, आजी. नुसत्या राळेवर भागणार नाही. पण काहीतरी आहे तिच्यात, ते दिसलं."

गोजरबाई म्हणाली, "थोडं लागू पडतं."

"थोडं."

"आन हे कळायसाठी हिला एवढं सोसावं लागलं." तिनं कलेक्टरणीकडं मान केली. प्रतिक्षानं पुढं होऊन तिच्या गळ्यातली पांढरी फीत सोडली. गोजरबाई म्हणाली, "पन कळलं मात्र. मागच्या बारीला सगळ्यांचं भलं केलं, आन कळलं काईच न्हाई." आणि मग उठून प्रतिक्षाला जेवायला वाढलं. प्रतिक्षानं पानावर हात आडवे धरले नाहीत. धरून उपयोग नव्हता.

गावात मात्र बातमी पोचली ती वेगळीच. गोजरबाईच्या शेळ्यांचे जंत मधमाशीच्या राळेनं पळाले, एवढंच. बायका लेकरं कडेवर घेऊन येऊ लागल्या. "काकू, तो लाडू द्या ना वं एक." गोजरबाईचा हात शिवशिवायचा. तरी ती म्हणायची, "शेळ्यांला थोडं लागू पडलं. मान्साचं कुनी बघितलं न्हाई. शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देऊन राहिले ती खाऊ घाल." आणि अंगणवाडीच्या बाईनं सांगितलेलं एक ती कटाक्षानं पुढं सांगायची, की वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवायचाच नाही.

एकदा शेजारची दिपा सांगत आली की तिच्या सासऱ्याचा गुडघा कसल्याशा तेलानं महिनाभरात बरा झाला. गोजरबाईनं विचारलं, "आन दुसरा?"

"दुसरा काय?"

"दुसरा गुडघा. त्याला तेल न लावता ठिवला व्हता का?"



भागवतला मात्र यात धंदा दिसला. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत मधाच्या बाटल्या घेऊन बसायचं त्यानं ठरवलं आणि काकूला सोबत नेलं. ती बोलली की माल खपतो असा त्याचा अंदाज. देवळाकडं जाणाऱ्या रांगेला लागून चटई टाकली, आणि भागवतनं आवाज दिला, "शुद्ध मध, राळ घातलेला! पोटातले जंत साफ!"

"साफ न्हाई," शेजारून गोजरबाई म्हणाली. "थोडे कमी. तेबी शेळीचे."

भागवतनं तिला कोपर मारलं. तिनं त्याला मारलं. रांगेतली माणसं हसली, आणि एक म्हातारा थांबला. "मंग ह्या मधाचं करायचं काय?"

"भाकरीसंगं खायचा," गोजरबाई म्हणाली. "गोड हाय. बघा."

तिनं चमचा भरून त्याच्या तळहातावर मध सोडला. म्हाताऱ्यानं चाटला आणि बाटली घेतली. मागची बाई म्हणाली मलाही बघू दे, तिच्या मागच्यानं हात पुढं केला, आणि रांग वाकडी होऊन चटईकडं यायला लागली. भागवत आधी खुश झाला. मग त्यानं पाहिलं की काकू विकत घेणाऱ्यांनाही देत होती आणि नुसते उभे होते त्यांनाही, आणि एक अख्खी बाटली अशीच तळहातांवर संपली होती.

"काकू, बास करा!"

"बोलू नगंस," गोजरबाई म्हणाली आणि दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं. "तो बघ, निळ्या सदऱ्याचा. त्याला आजून भेटला न्हाई."